घरचं घरी, देशाचं सभेत

आमच्या स्टोरदालचा पंपांचा ओतकारखाना कुणा एकाचा नाही, गावाचा आहे. ज्याचा हिस्सा त्याचं एक मत, मग तो भट्टीवर घाम गाळणारा असो की चाळीस गाईंचा मालक. आणि सभेचा एक नियम आहे, जुन्या पाद्रीबुवांनी घालून दिलेला. घरचं घरी, देशाचं सभेत. सभागृहात उभं राहून कुणी म्हणायचं नाही की माझी चूल विझेल, माझा जावई बेकार होईल. स्वतःच्या घराचं नाव काढलं की अध्यक्षांचा हातोडा टेबलावर पडलाच म्हणून समजा. बोलायचं ते सगळ्यांच्या भल्याचं. ऐकायला किती छान! मी म्हणते, यालाच ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. छपराला कुठला रंग लावायचा एवढं ठरवायलासुद्धा आमचे लोक लिंकनपासून सुरुवात करतात.

म्हणून एकोणचाळीस सालच्या नोव्हेंबरात, उखळी तोफेचे गोळे ओतायचं काम घ्यायचं की कारखान्याला टाळं लावायचं हा प्रश्न आला, तेव्हा गोळ्यांवर कुणी बोललं नाही आणि टाळ्यावरही नाही. अख्खी दुपार मागच्या युद्धातले राष्ट्राध्यक्ष विल्सन आणि आताचे रूझवेल्ट या दोघांवर गेली.

पंपांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. गावोगाव वीज येत होती, हातपंप कोण घेतो? अशात मिलवॉकीचा एक दलाल येऊन सांगून गेला की इंग्रजांना बिडाचे गोळे हवे आहेत, नुसती पोकळ कवचं, दारू ते पुढे कुठेतरी भरतील. वॉशिंग्टनमध्ये नवा कायदा झालाच होता. आता लढणाऱ्या देशांना हत्यारं विकायला बंदी नाही. फक्त त्यांनी रोख मोजायचं आणि माल स्वतःच्या जहाजात घालून न्यायचा. उधारी नाही, आपलं जहाज नाही. दलाल म्हणाला, डिसेंबरच्या आत होकार कळवा, नाहीतर मी पुढच्या गावात विचारतो.

आता यात कुणाचं काय अडकलं होतं ते सांगते, कारण सभेत ते कुणीच सांगणार नव्हतं.

अध्यक्ष होते तोर्गेर ब्राटलीन, माझे थोरले दीर. वय चौऱ्याहत्तर. या माणसानं जन्मात कधी कुणाची बाजू घेतली नाही. आमच्याकडे रस्त्याच्या अलीकडे एक चर्च आणि पलीकडे एक. दोन्ही नॉर्वेहून आलेल्या आमच्याच लोकांची, दोन्ही ल्यूथरचीच, आणि तरी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भाऊजी एका रविवारी इकडे आणि एका रविवारी तिकडे. असल्या माणसाला अध्यक्ष नाही करायचं तर कुणाला? नियमाप्रमाणे अध्यक्षाला मत नाही. मतं सारखी पडली तरच त्यानं द्यायचं, आणि मग मात्र द्यायलाच हवं, सुटका नाही. पंचवीस वर्षांत ती वेळ आली नव्हती.

त्यांना दोन मुलं. थोरला इवर. मागच्या युद्धात, पंधरा साली, असेच गोळे या कारखान्यात ओतले होते. तेव्हा विल्सनचं राज्य होतं आणि विक्रीला बंदीच नव्हती. इवर त्या कामावर होता, हाताला चांगला. सतरा साली विल्सननं युद्ध पुकारलं. इवरला बोलावणं आलं आणि अठराच्या ऑक्टोबरात तो फ्रान्समध्ये आर्गोनच्या जंगलात मारला गेला. गोळ्यानंच गेला. गेल्यावर भाऊजी काही बोलले नाहीत, जाऊबाई बोलल्या नाहीत, आणि दोन वर्षांनी जाऊबाईही गेल्या. राहिली धाकटी रागना. ती नवऱ्याबरोबर बापाच्या कुंपणापलीकडेच राहते. दोन वेळचं जेवण त्या कुंपणाच्या फटीतून जातं. तिचा नवरा सेल्मर कारखान्यात लेथवरचा मुकादम. कारखाना बंद पडला तर त्याला मिलवॉकीत नोकरी तयार होती, सामान बांधून निघायचंच काय ते बाकी. म्हातारे काही मिलवॉकीला जाणार नव्हते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." रागना माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. म्हणाली, "काकू, एकदा तरी म्हणायचं होतं, राहा. मी पायी चालत मागे आले असते."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काम घेतलं तर पुन्हा तेच गोळे, ज्यांच्या जातीच्या गोळ्यानं मुलगा नेला. नाही घेतलं तर मुलगी जाते. आणि गाव मोजून बरोबर निम्मं निम्मं. आमच्यात कोण कुणीकडे हे विचारावं लागत नाही, कोण कुणाच्या अंगणात थांबून बोलतो त्यावरून कळतं. शुक्रवारपर्यंत बायकांनी बोटांवर मोजून काढलं होतं की मतं सारखी पडणार.

शनिवारी दुपारी सभा भरली. बायका स्वयंपाकघरात. मी मोठ्या डेगीत, गाळ खाली बसावा म्हणून अंडं फोडून, कॉफी उकळायला ठेवली होती. वाढायच्या खिडकीतून सगळं दिसतं, ऐकूही येतं. रागना केक कापत होती. सुरी चालत होती, पण तिचं लक्ष सगळं बाहेर होतं.

काम घेऊ नये या बाजूनं बोलायला उठले आमचे तोस्टेन. भाऊजींचे धाकटे भाऊ, माझे यजमान. कारखान्यात साचे भरतात, म्हणजे काम गेलं तर आमच्याही घरी बोंब. पण इवरला त्यांनीच खांद्यावर खेळवलं होतं. इवरचं नाव मात्र काढता येत नव्हतं. मग ते विल्सनवर आले. विल्सननं चौदा साली देशाला सांगितलं, वागण्यात तटस्थ राहा आणि मनातूनही राहा. बोलणं सोन्यासारखं. पण दुकान उघडंच ठेवलं. आधी गोळे विकले, मग ते घ्यायला पैसे नाहीत म्हणून बँकांना कर्ज देऊ दिलं, मग माल नेणारी जहाजं बुडायला लागली, मग बुडालेल्यांचा हिशेब मागायला फौज गेली. सोळा साली निवडून आला तो यानं आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं म्हणून, आणि पुढच्या एप्रिलात युद्ध. रूझवेल्टनं पस्तीस साली दुकानाला कुलूप घातलं, तेव्हा मला तो शहाणा वाटला होता. आता तोच कुलूप काढतोय. पायरी तीच आहे, पाय घसरणार तोही आपलाच. असं म्हणून ते बसले. बोलताना त्यांचे कान लाल झाले होते. घरी मीठ मागायला त्यांना दोन वाक्यं जड जातात.

दुसऱ्या बाजूनं सेल्मर उठला. जावई माणूस, समोर खुर्चीत सासरा, आणि आपल्या नोकरीचं अक्षर काढायचं नाही. तो म्हणाला, तोस्टेनकाका म्हणतात ती पायरी तीच नाही. विल्सननं उधार दिलं, हा रोख घेतो. विल्सननं जहाजं बुडत होती त्या पाण्यात आपली माणसं जाऊ दिली, हा जाऊ देत नाही. विल्सनचा स्वभाव मास्तराचा, एकदा फळ्यावर लिहिलं की पुसायचं नाही. रूझवेल्ट तसा नाही. त्यानं भर काँग्रेसमध्ये सांगितलं की तो बंदीचा कायदा केला याचं मला वाईट वाटतं आणि त्यावर मी सही केली याचंही तितकंच वाईट वाटतं. आपली चूक चारचौघांत कबूल करणारा पुढारी किती जणांनी पाहिलाय? बंदीमुळे ज्याच्याकडे आधीच तोफा होत्या त्याचं फावलं. दोघांना सारखंच काही न देणं म्हणजे दोघांना सारखं वागवणं नव्हे.

पोरगं बोललं चांगलं. मला कौतुक वाटलं आणि रागही आला, कारण सगळा वेळ तो खिडकीकडे, रागनाकडे बघत होता. तोस्टेन बसल्या जागेवरून म्हणाले की सही करताना डोळे कुठे होते त्याचे? सेल्मर म्हणाला, निदान आता उघडले. लोक हसले. मग आणखी चारपाच जण उठले, कुणी विल्सनला झोडपलं, कुणी रूझवेल्टला, आणि एका शेतकऱ्यानं दोघांनाही झोडपून रूझवेल्टच्या आधीचा हूव्हर बरा होता असं सांगितलं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. एक जण बोलता बोलता घसरला, म्हणाला, "आता माझंच घर घ्या..." हातोडा पडला. तो बसला.

भाऊजी या सगळ्यात दगडासारखे बसले होते. एकदा फक्त त्यांनी चष्मा काढून पुसला, ते सेल्मर म्हणाला तेव्हा की रूझवेल्टनं सप्टेंबरात रेडिओवर सांगितलंय, देश तटस्थ राहील पण प्रत्येकानं मनातूनही तटस्थ राहावं असं मी सांगू शकत नाही.

मग मतदान. आमच्याकडे पेटी फिरवतात. एका वाटीत पांढरा घेवडा, एका वाटीत मक्याचे दाणे. घेवडा म्हणजे हो, मका म्हणजे नाही. मुठीत एक दाणा घ्यायचा आणि पेटीच्या भोकात हात घालून सोडायचा. कुणाचा कुठला ते देव जाणे. पेटी टेबलावर उपडी केली. दोन ढीग केले. मोजले. सारखे.

सगळे भाऊजींकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

भाऊजींनी दोन्ही ढिगांवर नजर टाकली. मग तोस्टेनकडे बघितलं, मग सेल्मरकडे. सेल्मर खाली बघत होता. आमचे हे छताकडे. भाऊजी म्हणाले, "कुणी मला वाचवायला म्हणून दाणा टाकला असेल, तर तो उचला. मला ते नको. परत टाका."

आणि काय सांगू, तसंच झालं होतं! तोस्टेननं मला नंतर घरी जाताना सांगितलं. त्यांना वाटलं, मतं सारखी होणार, दादाला आपल्या तोंडानं पोराचे गोळे मागावे लागणार किंवा पोरीला हाकलावं लागणार. त्यापेक्षा आपला एक दाणा तिकडे टाकला की सुटला तो. म्हणून या गृहस्थानं अर्धा तास विल्सनच्या नावानं बोंबलून मुठीत घेवडा घेतला. आणि तिकडे जावईबापूंनी हाच विचार करून, आपली नोकरी, आपलं घर, सगळं पाण्यात सोडून, मका टाकला. बायकोलाही सांगितलं नाही, पुढे कधीतरी त्याच्याच तोंडून निघालं. एकानं इकडून उडी मारली, एकानं तिकडून, आणि तराजूचा काटा जिथल्या तिथे. आमच्या लोकांना एकमेकांशी दोन शब्द बोलायला काय होतं, मला कळत नाही. बोलले असते तर म्हातारा सुटला असता. पण बोलायचं नाही, परस्पर भलं करायचं. खानदानी रोग आहे.

पेटी परत फिरली. या वेळी दोघांनी आपापला खरा दाणा टाकला, आणि मतं परत सारखीच पडली. दुसरं काय होणार होतं?

आता सुटका नव्हती. चिटणीसानं ठराव वाचून दाखवला, सेल्मरनंच लिहिलेला. आपल्या देशाच्या तटस्थतेला बाध न आणता, कायद्याला धरून, कारखान्यानं हे काम स्वीकारावं. भाऊजी उठून उभे राहिले. अध्यक्ष कधी उभा राहत नाही, म्हणून सगळे सावरून बसले.

"पंचवीस वर्षं मी तुम्हाला घरचं बोलू दिलं नाही," ते म्हणाले. "आज मी बोलणार आहे. कुणाला हातोडा मारायचा असेल तर हा घ्या."

त्यांनी हातोडा टेबलाच्या कडेला सरकवला. कुणी हात लावला नाही.

"रागना गेली तर मला कुणी उरत नाही. म्हणून मी हो म्हणतोय. इंग्लंडसाठी नाही आणि रूझवेल्टसाठीही नाही. ते गोळे जिथे पडतील तिथे कुणाचा तरी इवर असेल. ते मला माहीत आहे. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. माहीत असून मी हो म्हणतोय."

सभागृहात इवरचं नाव एकवीस वर्षांत पहिल्यांदा निघालं होतं. माझ्या हातातला पळा डेगीत पडला, तो मी काढलाही नाही.

सेल्मर उठला. "अध्यक्ष महाराज, ठराव मागे घेतो मी. आम्ही जाऊ. तुम्ही..."

"खाली बस," भाऊजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुला बोलायला मिळालं. आता माझी पाळी आहे."

मग ते चिटणीसाकडे वळले. म्हणाले, त्यातला तटस्थ हा शब्द खोड. चिटणीस गांगरला. तो म्हणाला की शब्द कायद्यातलाच आहे, राहिला तर बरं दिसेल.

"बरं दिसतं म्हणूनच खोड. विल्सननं सांगितलं मनातूनही तटस्थ राहा, आणि गोळे विकले. हा म्हणतो मनाचं तुमचं तुम्ही बघा, आणि गोळे विकतोय. हा माणूस जास्त खरा आहे, सेल्मर, ते मी मानतो. उधार नाही, जहाज नाही, तेही बरोबर. पण गोळा तोच आहे. पंधरा साली याच खुर्चीत मी बसलो होतो. मला ते काम नको होतं. मी बोललो नाही. अध्यक्ष म्हणून नाही, मनातूनच तटस्थ राहिलो, सांगितलं होतं तसा. आता गोळे विकायचे तर विकतो म्हणू या. आणखी काही म्हणायचं नाही."

चिटणीसानं रेघ मारली. भाऊजींनी वाटीतून घेवड्याचा दाणा उचलला. पेटीत नाही टाकला. तळहातावर धरून सगळ्यांना दाखवला आणि टेबलावर हो म्हणणाऱ्यांच्या ढिगात ठेवला. मग बसले, हातोडा जवळ ओढला आणि कामकाज संपल्याचं सांगून एकदा आपटला.

टाळ्या नाहीत, काही नाही. जिंकलेले हरल्यासारखे उठले. रागना स्वयंपाकघरात बटाट्यांच्या पोत्यावर बसली होती. तिला हवं होतं तेच झालं होतं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला म्हणाली, "काकू, हे मी त्यांना करायला लावलं ना?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "हो, लावलंस," मी म्हटलं. "आणि तू गेली असतीस तर गाव म्हणालं असतं, हे त्यांनी तुला करायला लावलं. त्यांनी तुझ्यासाठी तोंड उघडलं, रागना. मला इथे नांदायला येऊन छत्तीस वर्षं झाली, मी तरी हे पाहिलं नव्हतं. ऊठ, तोंडावर पाणी मार."

ती उठली आणि कप भरून बाहेर घेऊन गेली. भाऊजींनी कप घेतला. ती तशीच समोर उभी. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल, रडेल, गळ्यात पडेल. ती म्हणाली, "गरम आहे, बाबा." ते म्हणाले, "असू दे." सेल्मर तिच्या मागे येऊन उभा राहिला तर त्याला म्हणाले, "पहिला गोळा निघाला की मला बोलाव. मला बघायचाय."

घरी जाताना मी तोस्टेनला खूप बोलले. घेवड्यावरून बोलले, विल्सनवरून बोलले, भावाशी मोकळेपणानं दोन शब्द बोलत नाहीत त्यावरून बोलले. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तो हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं." मी म्हटलं, मला वाटलं होतं. ते खोटं होतं. मलाही वाटलं नव्हतं.

जानेवारीत पहिली खेप ओतली. मी तोस्टेनचा डबा घेऊन गेले होते तेव्हा भाऊजी आधीच येऊन उभे होते, टोपी हातात. सेल्मरनं लेथवरून एक कवच काढलं, फडक्यानं पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. मशीन बंद केलं. आजूबाजूच्यांनीही केली. छोटासाच असतो तो गोळा, मुसळाच्या तोंडाएवढा. भाऊजींनी एक हात खाली लावला, एक वरच्या टोकाला, आणि जरा वर उचलून वजन बघितलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आठ पौंड," सेल्मर म्हणाला. "दारू भरली की दहा."

"इवर झाला तेव्हा एवढाच होता," भाऊजी म्हणाले.

त्यांनी तो वाकून, तोंड वर येईल असा, पेटीतल्या भुश्शात ठेवला आणि बाजूनं भुस्सा दाबला. मग टोपी घातली. जेवायची वेळ झाली होती, आणि रागनानं वाढून ठेवलं होतं.